हैबतनानांचं फाटक

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका, देव काही मागं बसणाऱ्याला जास्त प्रसाद देत नाही! किसनअण्णा, पखवाज जरा उतरवा. पेटी नुसती स्वरात राहू द्या. आणि त्या खांबाजवळच्या दादांनी मोबाईल खिशात घाला. उद्या चंपाषष्ठी, आज तरी देवाला तुमची रिंग ऐकवू नका!

हां. आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. घाबरू नका.

शेजाऱ्याचं कुत्रं तुमच्या दारात आलं, तर ते कुणाचं?

हसू नका! सांगा. "शेजाऱ्याचं!" बरोबर. एकदम बरोबर. सातबारा शेजाऱ्याचा, कुत्रं शेजाऱ्याचं. त्यानं तुमची चप्पल पळवली, तरी शेजाऱ्याचंच. त्यानं तुमचं दूध सांडलं, तरी शेजाऱ्याचंच. मग मला पुढचं सांगा. ते कुत्रं उपाशी असलं, तर ती भूक कुणाची?

आता का गप्प झालात?

मंडळी, ऐका. कुत्र्याची गोष्ट म्हटलं की तुम्ही मान डोलावता – "माहीत आहे, बुवा, ऐकलीय." नाही, ती संतांची गोष्ट ही नाही. ही साध्या गावातली गोष्ट आहे. तोंडलवाडी गावाचं नाव. आणि कुत्र्यांबद्दल बोलण्याचा अधिकार मला आहे बरं का! गावोगाव मोटारसायकलवर फिरतो मी. कुठल्याही गावात शिरलो की माझा पहिला श्रोता कुत्रंच! वेशीपासून देवळापर्यंत पोचवायला येतं, तेही पळत! तुमच्यासारखं मध्येच उठून जात नाही!

तर तोंडलवाडी. कांद्याचं गाव. गावात खंडोबाचं ठाणं. आणि त्या खंडोबाचे मानकरी कोण? हैबतनाना खैरे! काय माणूस! पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला भंडारा असा भरलेला की नाना आले म्हणजे पिवळं ऊनच आलं! देवाची सेवा कडक. चातुर्मासात वांगं नाही, कांदा नाही. कांद्याचं गाव, घरात चाळभर कांदा, आणि नाना कांद्याकडं बघतसुद्धा नाहीत! आपण? आपण दुसऱ्या आठवड्यातच भज्यांचा वास घेत हॉटेलासमोर उभे असतो. खोटं सांगू नका!

आता नानांच्या घराण्याचा एक मान होता. तुम्ही खंडोबाची माणसं, तुम्हाला ठाऊकच आहे. तरी नव्या सुनांसाठी सांगतो. आपल्या मल्हारीबरोबर कुत्रं असतं. म्हणून चंपाषष्ठीला आधी देवाला नैवेद्य – वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात. मग तो नैवेद्य कुत्र्याला. कुत्र्याच्या तोंडात घास गेला, की मग माणसांची पंगत. त्याच्या आधी घरात कुणी शीत तोंडात घालायचं नाही.

आणि नानांच्या घरात त्याच्याही पुढं. घरातल्या वडील माणसानं त्या दिवशी स्वतः देवाचं कुत्रं व्हायचं! दोन्ही हात जमिनीवर, दोन्ही गुडघे जमिनीवर. देवापुढं भुंकायचं. आणि कोटंबा, म्हणजे ते लाकडी चौकोनी भांडं, त्यात वाढलेलं अन्न तोंडानं खायचं. "देवा, मी मानकरी नाही, मी खैरे नाही, मी तुझ्या दारातलं कुत्रं!" असं म्हणायचं. काय सुंदर रीत आहे बघा! वर्षातून एकदा तरी माणसाचं नाक जमिनीला लागतं!

आणि नाना ते मन लावून करायचे. नाना भुंकले की म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी. "काय भाव हाय गं नानांचा!"

पण मंडळी – इथं पण आला!

नानांना कुत्रं आवडत नव्हतं.

हसता काय? देवापुढं कुत्रं होणारा माणूस, आणि दारात कुत्रं आलं की हातात दगड! गावातलं एकेक कुत्रं नानांना ओळखत होतं. नाना रस्त्यानं निघाले की कुत्री गटाराच्या पलीकडं. नाना नुसते चप्पल नीट करायला वाकले तरी – पळ! कारण नाना वाकले म्हणजे दगड आला. नेमही असा, की देवाच्या सेवेत चुकतील, पण दगडात नाही!

आता नानांच्या शेजारी राहायची हौसाक्का. एकटी म्हातारी. मालक वारलेले, मुलगा शहरात कामाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड तेवढा कळायचा, आणि माणूस आला की सावली हलल्यासारखं वाटायचं. कानही थोडे गेलेले. मुलगा जाताना पुढच्या दाराला कुलूप लावून गेलेला, म्हणजे चोराची भीती नको. म्हातारी मागच्या स्वयंपाकघरात राहायची. तिच्या दाराकडं जायला वाट एकच. तिच्या आणि नानांच्या घरामधला बोळ. बोळातून गेलं की मागं परस, दोघांच्या घरांचं मिळून एकच. तिथं हौसाक्काचं मागचं दार, आणि तिथंच नानांच्या कोंबड्यांचं खुराडं. हे ध्यानात ठेवा, मी पुढं विचारणार आहे!

आणि हौसाक्काचा होता एक कुत्रा. लाड्या. मालकांनी मेंढवाड्यातून धोतराच्या ओच्यात घालून आणलेलं पिल्लू. एक कान फाटलेला, बाकी राखाडी. मालक गेले, लाड्या राहिला. म्हातारी मागच्या उंबऱ्यावर बसली की लाड्या येऊन तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडायचा. तेवढंच तिचं माणूस, म्हणा ना!

लाड्या बोळातून परसात यायचा, जेवायचा, जाताजाता नानांच्या कोंबड्यांमागं थोडा पळायचा. खायचा नाही बरं का, नुसता पळायचा. आपली पोरं नाही का चिंचेखाली उगाच पळत! पण नानांच्या वाळत घातलेल्या नव्या धोतरावर एकदा त्याची पावलं उमटली. संपलं! नाना त्या दिवशी हौसाक्काच्या दारात.

"आक्का, कुत्रं पाळायला जमत न्हाय, तर ठिवता कशाला?"

"काय केलं रं त्यानं?"

"काय न्हाय केलं ते इचारा!"

म्हातारी म्हणाली, "मुकं जनावर हाय, नाना. सांबाळून घे."

नानांनी सांभाळून घेतलं. कसं? बोळाच्या तोंडाला पत्र्याचं फाटक बसवलं! कमरेच्या वर उंच, खाली बोटभर फट, वरून कडी. माणसानं कडी काढायची, आत जायचं, कडी लावायची. कुत्र्याला कडी काढता येते का? माणसालाच कुणाच्या मनाची कडी काढता येत नाही, कुत्र्याचं काय घेऊन बसलात!

आणि म्हातारीला काय सांगितलं? "आक्का, तुमच्याच सोयीसाठी केलं. एकट्या राहता, दिसत न्हाय. चोराचिलटाची भीती नको."

हौसाक्कानं नानांच्या तोंडावरून हात फिरवला. कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. म्हणाली, "सख्खा भाऊ बी एवढं करायचा न्हाय रं! औक्षवंत हो!"

आशीर्वाद घेतला नानांनी. खिशात घातला. आणि घरी येऊन निवांत झोपले!

मंडळी, आता तुम्ही सांगा. फाटक बसलं आणि काय झालं? ऐका हं.

रोज सकाळी हौसाक्का चाचपडत चूल पेटवायची. भाकरी थापायची. आधी एक भाकरी लाड्याची. दुधात कुस्करायची, दाराशी दगडी डोण होती तीत घालायची, आणि हाक मारायची – "यू यू यू! लाड्या! ये रं बाळा!" मग तिथंच उंबऱ्यावर बसायची. "जेव, जेव. सावकाश जेव. कुणी मागं लागलं न्हाय." थोड्या वेळानं हात घालून बघायची, तर डोण रिकामी! लख्ख! म्हातारीचा जीव निवायचा. "जेवला माझा लाड्या. आता बसत न्हाय माझ्यापाशी, जेवला की हुंदडाया पळतो." मग ती स्वतः दोन घास खायची.

आणि लाड्या? लाड्या फाटकाच्या बाहेर! हाक ऐकू येते. भाकरीचा वास येतो. तो पत्र्यावर पाय मारतो – खर्र, खर्र! रडतो. मग नाना बाहेर येतात – "हाड! पत्रा खराब करतंय!" आणि वाकतात. पळ!

रोजचं. हाक आत, कुत्रं बाहेर, मध्ये नाना.

उपाशी कुत्रं काय करतं हो? चोरी करतं. दुधाची किटली उलथली. कुणाच्या सुनेनं दारात निवत ठेवलेलं थालीपीठ नेलं. कुणाच्या उकिरड्यावर, कुणाच्या लग्नाच्या मांडवामागं, दिवसभर गावभर. अंगावरची लव झडली. फासळ्या मोजून घ्याव्यात. गाव म्हणायला लागलं, "हौसाक्काचं कुत्रं बिघडलं! म्हातारी त्याला बघत न्हाय!" आणि नाना चावडीवर बसून मान हलवायचे – "मी तर कवाच सांगितलं व्हतं तिला!"

गंमत बघा! सगळं गाव त्या कुत्र्याच्या तोंडाकडं बघतंय, की यानं काय खाल्लं? त्याच्या पोटात काय गेलं नाही, ते कुणी बघत नाही. पेटीवाले मास्तर, हसू नका, तुमच्या गल्लीतसुद्धा असंच आहे, मी येताना बघितलं!

पुढं काय झालं? चंपाषष्ठीचं नवरात्र बसलं. पहिला दिवस. देवघरात नानांनी कोटंबा धुवून, पुसून, दूधभात घालून देवापुढं ठेवला. दार उघडं. आणि लाड्या आत! सरळ देवघरात! कोटंब्यात तोंड घातलं आणि चाटूनपुसून साफ!

नानांनी बघितलं. असा आवाज केला की खुराड्यातल्या कोंबड्या उडाल्या. "कोटंबा बाटवला! देवाचा कोटंबा बाटवला कुत्र्यानं!"

अहो मंडळी! कोटंबा कशासाठी? कुत्रं होऊन खायला! त्यात आजवर माणसं खोटी खोटी कुत्री होऊन खात होती. त्या दिवशी पहिल्यांदा खरं कुत्रं जेवलं. आणि म्हणे बाटला! देव आत बसून हसला असेल की नाही? मला तर वाटतं, पोट धरून हसला असेल!

पण नाना हसले नाहीत. त्यांनी गुलाबला बोलावलं. गुलाब कुंजीर, टेम्पोवाला. गावचा कांदा मार्केट यार्डात न्यायचा. नाना म्हणाले, "गुलाब, आज कांद्याबरूबर एक कुत्रं घिऊन जायाचं. यार्डात सोडून यायाचं. पुन्यांदा गावात दिसता कामा नये."

गुलाब डोकं खाजवायला लागला. "नाना, हौसाक्काला इचारलं का?"

नाना काय म्हणाले? ऐका. जपून ऐका. नाना म्हणाले – "तिला काय इचारायचं? तिला कुठं दिसतंय!"

थांबा. अण्णा, पखवाजावर हात नको. हे वाक्य तसंच राहू द्या.

गुलाबनं बिस्किट दाखवलं. लाड्या शेपटी हलवत टेम्पोत चढला. बिस्किटासाठी चढला हो! कुणीतरी हाक मारून दिलं, म्हणून चढला. कांद्याच्या गोण्यांमध्ये बसून गावाबाहेर गेला.

आणि नानांचं दार शांत झालं. पत्र्यावर खर्र नाही, काही नाही. नाना खूश. पण सकाळी आतून आवाज आलाच – "यू यू यू! लाड्या! ये रं बाळा! सावकाश जेव!"

नाना चहा पिता पिता थबकले. बायकोला म्हणाले, "म्हातारीला भरम झालाय गं. नसलेल्या कुत्र्याला जेवू घालतीय."

केराबाई, म्हणजे नानांची बायको, नुसती चहाच्या कपाकडं बघत राहिली. बायकांना आधी कळतं, पण त्या आधी बोलत नाहीत. बरोबर आहे ना, माझ्या आयांनो?

आली चंपाषष्ठी! नानांच्या घरी पाहुणे. लेकी, जावई, व्याही. तळी उचलली, भंडारा उधळला. नैवेद्याचं ताट तयार – भरीत, रोडगा, पात. नाना ताट घेऊन दारात आले. आता कुत्रं पाहिजे.

कुत्रं कुठाय?

गल्लीत एक नाही! कसं असेल? नानांच्या गल्लीत कुत्र्यांनी येणंच सोडलेलं. नाना पुढच्या गल्लीत गेले. तिथं एक तांबडं कुत्रं ओट्याखाली झोपलेलं. नानांनी प्रेमानं हाक मारली, "यू यू!" कुत्र्यानं एक डोळा उघडला. नाना ताट खाली ठेवायला वाकले –

पळ!!

अहो वाकले ना! कुत्र्याला काय माहीत हातात रोडगा आहे? त्याला नाना वाकलेले एवढंच माहीत! नाना पुढं. चावडीवर दोन कुत्री. नाना वाकले – पळ! देवळामागं एक लंगडी कुत्री. ती तर नानांच्याच दगडानं लंगडी झालेली. ती नाना दिसल्याबरोबर पळ! सगळ्या गावात हैबतनाना ताट घेऊन कुत्र्यांच्या मागं, आणि कुत्री पुढं पळतायत! पोरं टाळ्या वाजवतायत! "नाना, अजून एक हिकडं हाय!" ऊन चढलं. भंडाऱ्याबरोबर घाम गळ्यात उतरला. घरी पाहुण्यांची पोटं कळवळतायत. जावई पुन्हा पुन्हा दारात येऊन बघतोय. जावयाला भूक लागली की किती वाईट असतं, ते सासऱ्यालाच ठाऊक!

नाना परत आले. ताट तसंच. तोंड एवढंसं. दारात पाऊल टाकणार, तोच परसातून आवाज – "नाना? कुत्रं हुडकतोयस व्हय?"

हौसाक्का. केराबाईनं तिच्या कानावर घातलं होतं.

"अरं, गावभर कशाला फिरतोस? आपला लाड्या हाय की! मी बी त्याचा रोडगा भाजलाय. आण तुजं ताट, दोन्ही संगंच घालू."

नानांनी ताट सावरलं. फाटकाची कडी काढून परसात गेले. ताट हातात धरून उभे राहिले. हौसाक्कानं चाचपडत रोडगा कुस्करला, वर तुपाची धार सोडली. तूप बरं का! स्वतः कोरडी भाकरी खाणारी म्हातारी. डोणीत घातलं आणि हाक दिली – "यू यू यू! लाड्या! ये रं बाळा, आज देवाचा दिवस हाय!"

आणि मंडळी –

नानांच्या कोंबड्या आल्या.

पळत आल्या! एक, एक, एक, सगळं खुराडं! हाक पाठ झालेली त्यांना! डोणीभोवती गर्दी, आणि दगडावर चोची – टक टक टक टक!

हौसाक्का हसली. तिचं ते दात पडलेलं हसू! म्हणाली, "आला बघ! आयकू येतंय का? दात म्हातारं झाल्यात त्याचं, म्हणून असं वाजतंय. रोज असाच खातो. पण खातो पोटभर!"

नाना कोंबड्यांकडं बघतायत. गुबगुबीत कोंबड्या. गावात सांगायचे नाना, "माझ्या कोंबड्यांसारख्या कोंबड्या न्हाईत!" का नाहीत, ते आज दिसत होतं. लाड्याची भाकरी खाऊन कोंबड्या फुगल्या, आणि लाड्या झाला चोर! आणि वाट कुणी अडवली? नानांचं लक्ष फाटकाकडं गेलं. आतून बघितलं त्यांनी ते पहिल्यांदा. खालच्या बोटभर फटीतून आत पंजा घालून घालून पत्र्याची कड नखांनी घासली होती, लोखंड उघडं पडलं होतं.

नाना ताट घेऊन तसेच वळले. घरात गेले. केराबाईला म्हणाले, "नैवेद्य ताटात नको. कोटंब्यात घाल."

"अवं, कोटंबा तुमचा हाय. तुमी खायाचं त्यात."

"कोटंब्यात घाल म्हणतोय ना!"

"आन् पाहुणं?"

"पाहुण्यांना सांग, हैबत खैऱ्याच्या घरचं कुत्रं जेवलेलं न्हाय अजून."

नाना गुलाबच्या टेम्पोत बसले. मांडीवर कोटंबा, वर फडकं.  यार्डाच्या तोंडाशी गुलाब म्हणाला, "नाना, मिळंलच असं न्हाय हं. यार्डात गाड्या लई."

नानांनी फडक्याची गाठ घट्ट केली. आयुष्यभर देवाकडं काय काय मागितलं असेल त्या माणसानं. त्या दिवशी एकच मागणं. एक फाटक्या कानाचं कुत्रं!

मार्केट यार्ड म्हणजे काय, बघितलंय ना तुम्ही? ट्रक, हमाल, सडक्या कांद्याचा चिखल. नाना शेडाशेडांतून फिरले. "राखाडी कुत्रं बघितलं का? फाटक्या कानाचं?" व्यापारी नमस्कार घालायचे – "या नाना, आज कसं काय?" नाना म्हणायचे, "कुत्रं बघितलं का?" ते एकमेकांकडं बघायचे.

शेवटी चहाच्या टपरीमागं, फुटक्या क्रेटांच्या ढिगाआड, दिसला! लाड्या. अंगाचं मुटकुळं करून पडलेला. एक पाय चाकाखाली आला असावा, रक्त सुकलेलं. नानांना बघून कान मागं गेले. उठला. सरकायला लागला.

"लाड्या," नाना म्हणाले. जन्मात पहिल्यांदा नाव घेतलं! "लाड्या, ये." आणि कोटंबा ठेवायला वाकले –

लाड्या मागं! तीन पायांवर मागं!

नाना सरळ झाले. तो थांबला. नाना पुन्हा वाकले. तो पुन्हा मागं. त्याच्या मागं रस्ता, रस्त्यावर ट्रक. अजून एकदा वाकले असते, तर कुत्रं थेट चाकाखाली.

आता काय करायचं, मंडळी? तुम्ही सांगा! दगडाचा हात आहे, त्या हातात आज रोडगा आहे, पण कुत्र्यानं ओळखायचं कसं? हात तर तोच!

नाना उभे राहिले. घाम निथळतोय. आणि मग – मग त्या माणसानं, पांढऱ्या धोतराच्या त्या मानकऱ्यानं, सडक्या कांद्याच्या चिखलात गुडघे टेकले. दोन्ही गुडघे. मग दोन्ही हात. पंजे उघडे, पसरलेले. दगड नाही. काही नाही. कोटंबा पुढं ढकलला, मान खाली घातली, आणि हळू आवाजात, देवापुढं भुंकायचे तसे भुंकले. "भू… भू…"

हमाल गोळा झाले. कुणी हसलं. कुणीतरी ओरडलं, "नाना, काय हरवलं काय?" नानांनी वर बघितलं नाही. डोळ्यांतून धार लागलेली, ती चिखलात पडतेय. "भू… भू… ये रं. चुकलो रं मी. जेव."

लाड्यानं मान तिरकी केली. चार पायांवरचं माणूस त्यानं कधी बघितलं नव्हतं. या माणसाचा हात उंच नाही. याला वाकता येत नाही, कारण हा आधीच खाली आहे! लाड्या पोटावर सरकत आला. थोडा आला, थांबला. थोडा आला, थांबला. कोटंब्यात तोंड घातलं.

आणि नानांनी? नानांनी दुसऱ्या बाजूनं त्याच कोटंब्यात तोंड घातलं. एक घास त्याचा, एक घास यांचा. दोघांची डोकी एकमेकांना लागतायत. मंडळी, दरवर्षी हा माणूस देवापुढं कुत्रं होत होता. पण देवाला पोचला तो त्या दिवशीच!

म्हणा! हात वर करून म्हणा, मल्हारी! असं नको, पोटातून – मल्हारी! आता अण्णा, वाजवा थोडं.

बस. बस. गोष्ट संपली नाही अजून. अवघड भाग पुढंच आहे. देवापुढं रडणं सोपं असतं हो. शेजारणीपुढं उभं राहणं अवघड.

नाना लाड्याला उचलून बोळात आले. चिखलानं भरलेले. फाटकाला लाथ घातली, बिजागऱ्या उखडल्या, पत्रा बाजूला टाकला. परसात गेले. हौसाक्का उंबऱ्यावर बसलेली. नानांनी लाड्याला तिच्यापुढं ठेवलं.

म्हातारीनं हात फिरवला. पाठीवरून. फासळ्यांवरून. हात थांबला. "कुणाचं रं हे, नाना? नुसती हाडं लागत्यात हाताला. वंगाळ ठिवलंय कुणी! हे माजं न्हाय. माजा लाड्या रोज पोटभर जेवतो."



मग लाड्या हळूच पुढं आला आणि पूर्वीसारखी हनुवटी तिच्या पावलावर टेकली. म्हातारीची बोटं त्याच्या डोक्यावरून गेली. कानावर आली. फाटक्या कानावर.

त्या फाटक्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरली. मग म्हणाली, "मग मी रोज… रोज कुणाला घालीत व्हते?"

मंडळी, खोटं बोलायला किती सोपं होतं! तिला कुठं दिसत होतं? पण नाना म्हणाले, "माझ्या कोंबड्यांना, आक्का. लाड्या भायेर व्हता. फाटक मी घातलं. त्याला टेम्पोत घालून बी मीच धाडलं."

म्हातारीनं शिव्या दिल्या नाहीत. रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली – "तू फाटक बसवलंस, तवा मी तुला आशीर्वाद दिला व्हता रं, नाना."

एवढंच. नानांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. त्या पायावर लाड्याची हनुवटी आधीच होती. शेजारी यांचं कपाळ. थोड्या वेळानं तिचा हात आला. आधी लाड्याच्या डोक्यावर गेला. मग, थोडा थांबून, नानांच्याही.

"ऊठ," म्हणाली. "तुजी माणसं सकाळधरनं उपाशी हाईत. पंगत वाढ. आन् माझ्या लाड्याला दूध आण."

पुढं लाड्या बरा झाला. एका पायानं थोडा लंगडत राहिला. रोज सकाळी म्हातारी हाक मारायची, आणि नाना परसात काठी घेऊन उभे. कुत्र्यासाठी नाही, कोंबड्यांसाठी! आणि पुढच्या चंपाषष्ठीला नाना देवापुढं भुंकले, तर मागून कुणीतरी उत्तर दिलं! लाड्या! सगळं देऊळ हसलं, आणि नाना सगळ्यांत मोठ्यानं हसले.

आता मंडळी, उठू नका. माझं एक काम बाकी आहे. ती गोष्ट तोंडलवाडीची झाली. आता तुमच्या गल्लीची.

मी काही "सगळी कुत्री पाळा" असं सांगायला आलो नाही. मला स्वतःला भीती वाटते, मोटारसायकलमागं लागतात ना! पण कुणी तुमच्या दारात सारखं येतं, त्रास देतं, बिघडलंय म्हणता, मग ते कुत्रं असेल, नाहीतर भावाचा मुलगा असेल, नाहीतर कुणाची म्हातारी सासू असेल. ते कुणाचं, एवढंच विचारून थांबू नका. कुणीतरी रोज त्याच्यासाठी भाकरी घालत असेल. मध्ये कुणाचं फाटक आहे, तेही बघा. आणि फाटकाला आतल्या बाजूनं बघा. बाहेरून ते चांगलंच दिसतं, आपण बसवलेलं असतं ना!

उद्या चंपाषष्ठी. तुम्ही भरीत कराल, रोडगा भाजाल. ताट घेऊन कुत्र्याला शोधायला निघाल. एखादं दिसेल. तुम्ही ताट ठेवायला वाकाल.

ते शेपटी हलवत जवळ आलं, तर देव पावला समजा.

आणि ते पळालं, तर त्याला नावं ठेवू नका. स्वतःच्या हाताकडं बघा. मग गुडघे टेका.

चला. उठा, भंडारा घ्या, आणि बाहेर चपला शोधताना जपून – तिथं एक कुत्रं झोपलंय. मघापासून सगळं कीर्तन त्यानं ऐकलंय. त्याला ओलांडून जाऊ नका, बाजूनं जा. मल्हारी!